बदलीचे कारण

अर्जात सगळ्यांत शेवटी एक ओळ आहे :
'बदलीचे कारण'.
पुढे टिंबं टिंबं, दोन बोटं जागा.
नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक भरून झाला
आणि पेन इथे येऊन अडलंय.

खरं तर भाव तोच.
टाकी तीच, लाल, बुडाला गंजलेली,
एकाच कारखान्यात भरलेली.
ज्योत कुणाच्याही पावतीवर तेवढीच निळी.
हेमकांतने कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखले,
मोठी एजन्सी, छोटी एजन्सी,
आकडे मांडले, बेरजा केल्या,
दोन्ही सारख्याच आल्या.
'मग कशाला हा खटाटोप?' म्हणाला,
आणि कॅलेंडर तसंच उलटं टांगलं.
तीन दिवस आमच्या घरात तारीख नव्हती.

उकिडवे जिन्यात भेटले, पिशवीतून शेपू डोकावत होता.
'छोट्यांचं काय हो, आज दुकान, उद्या नुसतं शटर.'
चुकलं नाही त्यांचं काही.
एका पतपेढीच्या शटरपुढे
ते पावसाळाभर उभे राहिलेत.

पण फेब्रुवारीतली ती सकाळ.
अळूचं फदफदं अर्धकच्चं, आणि टाकी संपली.
तसंच खावं तर घसा खाजतो,
टाकून द्यावं तर चिंच, गूळ, शेंगदाणे, सगळ्यावर पाणी.
मोठ्या एजन्सीला फोन लावला.
एक दाबा. मग तीन दाबा. भाषा निवडा.
'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'
असं एक बाई अकरा वेळा म्हणाली,
तोच सूर, तोच गोडवा, मध्ये श्वाससुद्धा नाही.
बाराव्या वेळी मीच तिला विचारलं,
जेवलीस का गं?

धनकवडीच्या चढावर, पिठाच्या गिरणीला चिकटून
जुबेदा शिकलगार यांची एजन्सी.
शटर अर्ध्यावर अडकतं, वाकून आत जावं लागतं.
आज गुरुवार. वीज दुरुस्तीला गेलेली.
संगणक गप्प, पंखा गप्प, गिरणीही गप्प,
तरी हवेत ज्वारीचा वास.
दाराशी खुर्ची ओढून, उजेडाच्या तुकड्यात
त्या वहीत नोंदी करताहेत.
'विजेचं एक बरं,' मी म्हटलं, 'निवडायलाच काही नाही.
एक खांब, एक तार. आली तर आली.'
'म्हणून तर वही ठेवते,' त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फोन. पलीकडे कुणीतरी तापलेलं.
'आज नाही जमायचं, भाऊ.
लिंबराजच्या टेम्पोचा क्लच गेलाय.
उद्या अकरा. अकरा म्हणजे साडेबारा धरा.'
फोन ठेवला. नाव लिहिलं. नावाखाली रेघ मारली.

त्या साडेबारानेच मला जिंकलं.
तेव्हा कळलं, मी गॅस निवडत नाहीये.
घरी येणारा 'नाही'
कुणाच्या तोंडून ऐकायचा, ते निवडतेय.
क्लच तुटल्याचं सांगणारा,
शिव्या खाऊन वहीत नाव लिहिणारा,
उद्याही इथेच, ह्याच खुर्चीवर सापडणारा 'नाही'.
आणि कधी हेही शटर पुरतं खाली आलं,
तर निदान कुणाचं आलं ते मला माहीत असेल.

एवढं दोन बोटांत कुठे मावतंय?
मी लिहिलं : 'चालत जाता येतं.'

जुबेदाबाईंनी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं.
'हे नाही चालायचं, ताई. कंपनी परत पाठवते.
वैयक्तिक लिहा. सगळे तेच लिहितात.'

खोडलं. लिहिलं. शेजारी बारीक सही केली.
निघताना वाकायची विसरले,
शटर टाळूला लागलंच.
'लागतं,' आतून आवाज आला,
'पहिल्यांदा लागतंच सगळ्यांना.'